मामाजींचा लाल गलांडा

मामी आज सकाळी गेली.

तिला मरणाची भीती कधीच नव्हती. वर गेल्यावर मामाजींना काय सांगायचं, याची होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हुडकेश्वर तेव्हा नागपूरबाहेरचं खेडं होतं. आम्ही शहरात, महाल भागात राहायचो. शाळेला सुट्टी लागली की मी मामाजींकडे पळायची.

त्यांची जमीन मुरमाड. विहिरीला पाणी बेताचं. संत्र्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून मामाजींनी गलांडा लावला.

पुस्तकात त्याला गॅलार्डिया म्हणतात. डेझीच्या कुळातलं फूल, मूळचं कुठल्याशा दूरच्या रखरखीत मुलखातलं. वास नाही, रुबाब नाही, पण आमच्या उन्हात मान टाकत नाही.

दसऱ्याच्या तोरणात तेच, लग्नाच्या मांडवाला तेच. तिरडीवरही तेच.

सगळ्यांचा गलांडा लाल-पिवळा असतो. मामाजींचा अख्खा लाल होता, कडेला पिवळ्याचा ठिपकासुद्धा नाही. पिवळी कड दिसली की ते झाडच उपटून टाकायचे. कितीतरी वर्षं त्यांचं हेच चाललं होतं.

मी विचारायची, "मामाजी, चांगलं झाड काहून उपटता?"

"राहू देलं तं पुढच्या साली सारंच पिवळं करते थे."

मामी आतून टोमणा मारायची, "माह्या लुगड्याचा रंग इचार त्याईले. सांगता येते का पाह्य."

मामाजी नुसते हसायचे. खरंच सांगता यायचा नाही.

बियांचं खातं मामाजींचं. सगळ्यात लाल फुलं झाडावरच वाळू द्यायची. मग ती टोपलीत जमवायची, तळहातावर चोळून बी काढायचं, सुपात पाखडून काचेच्या बाटलीत भरायचं. त्यात ते कोणाला हात लावू देत नसत.

रिकामी झालेली बोंडं मात्र मामीची. ती टोपली ओसरीवर असायची. चूल पेटवायला याहून चांगलं काही नाही, काडी लावली की भडकलीच.

एका हिवाळ्यात मामाजींनी अंथरूण धरलं. ताप उतरेना. दवाखाने झाले, औषधं झाली. संक्रांतीच्या तोंडावर ते गेले.

माणसं त्यांना घेऊन घाटावर गेली. घरात बायका रडत होत्या. बाहेर कडाक्याची थंडी.

मामी उठली. आंघोळीचं पाणी रोज तीच तापवायची. त्या दिवशीही तिनं पाण्यानं भरलेला पितळी गुंड चुलीवर चढवला.

कोणीतरी तिला धरायला गेलं, तर माझी आई म्हणाली, "करू द्या तिले. हात चालू राहिले तं बरं."

मामीनं ओसरीवरची टोपली आणली आणि चुलीत रिकामी केली. दर वर्षीसारखी.

तेरवी झाली, पाहुणे गेले. उन्हाळी फुलांसाठी बी टाकायची वेळ आली, तेव्हा मामीनं फळीवरची बाटली काढली.

बाटलीत काहीच नव्हतं.

ती बाटलीकडे बघत राहिली. मग चुलीकडे.

फुलं टोपलीत जमवली आणि मामाजी आजारी पडले. त्या साली त्यांनी बी काढलंच नव्हतं. टोपलीतली बोंडं भरलेली होती.

मामाजींना नेलं तेव्हा मामी रडली नव्हती. त्या दिवशी चुलीतली राख उपसत ती अशी रडली की आम्ही मुलं घाबरून अंगणात गेलो.

"त्याईची सारी जिंदगी जाळली वं मी. माह्याच हातानं."

जुनी झाडं केव्हाच उपटून वावर नांगरलं होतं. पाऊस पडल्यावर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेला, सांडल्या बियांची थोडी रोपं वर आली. मामीनं घागरीनं पाणी घालून ती जगवली. फुलं आली.

सगळ्यांना पिवळी कड.

मग ती मामाजींचं काम करायला लागली. पिवळं उपट, लाल ठेव. पुन्हा पिवळं उपट. कधी कधी वाटायचं, या वर्षी जमलं. तेवढ्यात एखादं फूल पिवळी कड घेऊन उमलायचं.

लोक म्हणायचे, बाजारातून लाल बी आणा, ही उपटाउपटी कशाला.

"बाजारातलं त्याईचं हाय का?" एवढंच ती म्हणायची.

पुढे वावर गेलं, तिथे प्लॉट पडले, घरं झाली. मामीनं गच्चीवर कुंड्या मांडल्या. गुडघे गेले तरी जिना चढायची. पोरं ओरडायची, ही ऐकायची नाही.

तो लाल तिला शेवटपर्यंत मिळाला नाही. मला याचं फार वाईट वाटतं. एका टोपलीपायी बाईनं अख्खं आयुष्य स्वतःला माफ केलं नाही.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून म्हणाली, "पोरी, आता भेट होईन त्याईची. बी मागितलं तं काय सांगू वं?"

मला काही सुचलं नाही. "झोप आता," म्हटलं आणि पांघरूण सारखं केलं.

आज सुचतंय.

मामी, खरं तेच सांग.

सांग, तुम्हाला खांदा देऊन माणसं परत आली तेव्हा थंडीनं कुडकुडत होती. त्यांच्यासाठी पाणी तापवलं. त्यात गेलं बी.

मामाजींना मी ओळखते. बियांचं ते पुन्हा नावही काढणार नाहीत. विचारतील, "सगळ्याईले पुरलं का वं पाणी?"

पुरलं होतं, मामी. मी तिथेच होते. सगळ्यांना पुरलं होतं.

जा आता बिनघोर. नमस्कार करते.