नीमाच्या बादल्या आणि माझं पिंप

मंडळी, आज सकाळपासून मला स्वतःचीच किळस येतेय, म्हणून लिहितेय.

ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चार जणांना डेंग्यू झालाय. वरच्या मजल्यावर नीमा राहते, टांझानियाहून शिकायला आलेली. एक गादी, एक शेगडी, दोन बादल्या, एवढाच तिचा संसार. 'रोग हिनेच आणला' असं ठरवून तिला खोली सोडायला लावायच्या अर्जावर सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली.

आज सोसायटीचे सेक्रेटरी अर्ज घेऊन तिच्या दारात गेले, मागे आम्ही. ती शांतपणे म्हणाली, "अंकल, पहले मेरा पानी देखो." दोन्ही बादल्यांवर स्वच्छ फडकं घट्ट बांधलेलं. "अब आप लोगों का देखते हैं."

खाली उतरल्यावर पहिलं दार माझंच. मोरीतल्या पिंपात तिने मोबाईलचा टॉर्च मारला, तर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्याच पाण्याने मी सकाळी तांदूळ धुतले होते.

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, अळ्या सगळ्यांकडेच असतात. पाणी ओतू नका, परत कधी येईल भरवसा नाही."

अळ्यांपेक्षा त्या बोलण्याची जास्त किळस आली. मी पिंप उलटं केलं आणि अर्जावरची माझी सही खोडली. नीमा माझ्यासोबत पिंप घासायला बसली.

बाकीच्या सह्या तशाच आहेत. उद्या मीटिंग आहे आणि तिच्या बाजूने बहुतेक मी एकटीच असेन. अशा लोकांना तुम्ही काय सांगितलं असतं?