बेसनाच्या लाडवाचं ड्रिप

“तुझी एक चाहती ड्रिप लावू देत नाहीये,” वॉर्डमधून सिस्टरचा फोन आला. “म्हणते, फार्मसीतल्या सतीशनेच बंदी घातलीय.”

मी धावत वर गेलो. पलंगावर आमच्या लंडनच्या मराठी मंडळातले, पिनर उपनगरात राहणारे सबनीसकाका. एक डोळा सुजून मिटलेला. डायबेटिसवाल्यांना गाठणारी एक बुरशी सायनसमधून डोळ्याकडे सरकत होती. सर्जननी सायनस साफ केलं होतं, पण औषधाला उशीर झाला तर डोळा जाणार होता, कदाचित काकाही. पलंगासमोर काकू, पर्स छातीशी धरून.

“सतीश, पिशवीवर काय लिहिलंय वाच. ग्लुकोज!”

माझे कान तापले. मंडळाच्या गणपतीत डायबेटिसवर भाषण मीच ठोकलं होतं. लेबलवर ग्लुकोज दिसलं की वस्तू शेल्फवर परत! टाळ्याही घेतल्या होत्या.

“काकू, ते बिस्किटांबद्दल होतं.”

“तोंडातून नको आणि नसेतून चालतं? सलाइनमधून द्या की.”

मी काकांकडे पाहिलं. “हिला विचार,” ते पुटपुटले. “साखरेचं खातं हिच्याकडे आहे.”

मग मी समजावायला बसलो. हे औषध पूर्वी किडनीला झोडपायचं. म्हणून आता ते चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरून देतात. बुरशीपर्यंत पोचतं, किडनीला त्रास कमी.

“चरबी?” काकूंनी पिशवीकडे नीट पाहिलं. “साखर, चरबी, वर रंग पिवळा. बेसनाचा लाडूच की हा!”

“काय म्हणतात त्या?” सिस्टरने इंग्रजीत विचारलं. मी भाषांतर टाळलं.

“काकू, दुधात मीठ घालाल?”

“नासेल ना!”

“तसंच हे. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. त्यात या गोळ्या एकमेकींना चिकटतात, औषध बिघडतं. यातली साखर चहातल्या दोन-तीन चमच्यांएवढी. शुगर बघत राहू, इन्सुलिन वाढवू.”

“मग हे भाषणात नको का सांगायला?” काकू बाजूला झाल्या.

ड्रिप सुरू झालं. “इतक्या वर्षांनी हिच्या परवानगीने गोड मिळतंय,” काका म्हणाले, “तर चवच लागत नाही.”

डोळा वाचला. काही आठवड्यांनी काका घरी गेले. मी मात्र मंडळात अजून काकूंची नजर चुकवतो. न ऐकणाऱ्या पेशंटची आम्हाला सवय असते. शब्दन्‌शब्द ऐकणाऱ्याची नसते.