एरिकची थट्टा कोणी करेना

आमच्या कंपूत कोणी एरिकचं नाव काढलं की चहा गार झालाच म्हणून समजा. एकाचं सांगून होत नाही तोच दुसरा म्हणतो, "अन् ते खुर्चीचं?" मग तिसरा सरसावतो. आमच्या रिठद गावी माणूस राहिला जेमतेम सहा महिने, पण त्याचे किस्से आम्हाला अजून पुरताहेत!

एरिक मूळचा डेन्मार्कचा. शेतीच्या कॉलेजात शिकत होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कपाशी पाहायला वऱ्हाडात आला होता. गावात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून तो आमच्या मळ्यातल्या घरी उतरला. वयानं आमच्याएवढाच. मराठी पुस्तकातून शिकलेला, आणि दिसेल त्या झाडाविषयी प्रश्न विचारणारा.

पहिल्याच दिवशी विचारलं, "येथील तरुण मंडळी सायंकाळनंतर काय करतात?"

"पारावर बसतात."

"मग चला!"

*

पारावर पोरांचा नुसता कल्ला चालला होता. गोरा माणूस दिसला आणि सगळं चिडीचूप! बिड्या विझल्या, टोप्या सरळ झाल्या. शेवटी सखाराम पुढं झाला. हा आमच्या गावचा शिंपी, तोंडाचा मोठा फटकळ. पण त्या दिवशी हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्या गावची सडक कवा होईन?"

एरिक म्हणाला, "मी विद्यार्थी आहे."

"हो साहेब. पन सडक?"

*

दिवाळीनंतर गावात दंडार झाली. दंडार म्हणजे पोरांचाच नाच-गाण्याचा खेळ, गॅसबत्तीच्या उजेडात चौकात चालतो. पोलीस पाटलानं एरिकसाठी घरची खुर्ची आणून ऐन समोर मांडली. मागच्यांची अडचण होते म्हणून एरिकनं ती उचलून बाजूला नेली. तर सगळी दंडार बाजूला तोंड करून नाचू लागली! त्यानं खुर्ची पार मागं नेली. मग नाचणारे गर्दीतून वाट काढत मागं आले आणि अख्ख्या गावानं माना वळवल्या!

सोंगाड्याचं काम सखारामचंच. आमच्याकडे सोंगाड्यानं समोर बसलेल्या एकेकाची फिरकी घ्यायची, ही रीतच. त्या रात्री त्यानं माझी टिंगल केली, सरपंचकी मिरवणाऱ्यांची केली, पोलीस पाटलाच्या मिशांनासुद्धा सोडलं नाही. एरिकपाशी आला, मुजरा केला आणि पुढं गेला.

घरी येताना एरिकनं विचारलं, "माझी थट्टा त्याने का केली नाही?"

दुसऱ्या दिवशी मी सखारामला विचारलं.

"सायबाची थट्टा करू? अन् पाटलानं धरून नेलं त मले कोन सोडवीन, तू?"

*

हुरड्याला तर आम्ही त्याला ताटलीत, फुंकून थंड केलेला हुरडा दिला. तो ताटली बाजूला ठेवून विस्तवातलं कणीस घेऊन बसला. तळहातावर चोळायला गेला आणि चांगलाच पोळला. हूं की चूं नाही. घरी आल्यावर आईनं हात पाहिले. आई त्याला पहिल्यापासून अरे-तुरे करायची.

"काहून रे, सांगाले तोंड नाई का तुले? मुका हायस?" म्हणत तिनं कोरफड चोळली.

एरिकचा चेहरा खुलला. मला हळूच म्हणतो, "त्या मला रागावल्या!"

*

चैत्रात त्याला पोहरादेवीच्या जत्रेला नेलं. पाळणे, पिपाण्या, रेवड्या, बंजारा बायकांची गाणी, तरुण पोरांचे घोळके. एरिकला त्या गर्दीत घुसायचं होतं. तेवढ्यात एका हवालदारानं पाहिलं, सलाम ठोकला आणि काठीनं माणसं हटवत पुढं चालू लागला. आम्ही ओसाड रस्त्यावरून चालल्यासारखी जत्रा पाहिली!

परतताना बैलगाडीत तो म्हणाला, "तुम्ही सगळे माझ्याभोवती जागा सोडता. त्या जागेत मला फार एकटं वाटतं."

मी म्हटलं, "तुझ्या रंगाचे लोक आमच्यावर राज्य करतात रे."

"पण मी डेन्मार्कचा आहे."

"हवालदाराला नकाशा कोण दाखवणार?"

तो हसला नाही. मलाही फार वाईट वाटलं. मैत्री आम्हालाही हवीच होती, पण भीती आमच्या अंगात मुरलेली. गाडीतलं हे बोलणं मी सखारामला जसंच्या तसं सांगितलं.

*

एरिक जायच्या आदल्या रात्री पुन्हा दंडार झाली. या वेळी तो खुर्ची सोडून आमच्यात जमिनीवर बसला. ढोलकी वाजली आणि सखाराम आला. तोंडाला पीठ फासलेलं, डोक्यावर कागदाची हॅट, नाकावर दोरीनं बांधलेलं आमच्याच मळ्यातलं लांबडं वांगं! लांब लांब टांगा टाकत एकेकापाशी वाकून विचारतो, "कृपया सांगावे, हे झाड रात्री काय करते?"

कोणी हसलं नाही. ढोलकी थांबली. सगळ्यांनी आधी एरिककडे पाहिलं, मग पोलीस पाटलाकडे. पाटील काठी घेऊन उठले होते. पिठाखालूनसुद्धा सखारामचा घाम दिसत होता. एरिकला राग आला तर याचं काही खरं नव्हतं.

एरिक उभा राहिला. चांगला सहा फुटांच्या वर! बोट रोखून ओरडला, "माहं नाक येवढं मोठं नाई बे!"

सखारामनं दम घेतला.

"मंग खाली बस ना बे लंब्या! मांगच्यायले दिसून नाई राह्यलं!"