काटेपूर्णेच्या पाटावरचं संग्रहालय

कॉलेज सोडून वर्ष झालं. हजेरी कमी भरली म्हणून सरांशी भांडलो, हजेरीपट त्यांच्याच टेबलावर आपटला आणि निघालो. वर्गातली प्रणाली मागोमाग अमरावती स्टँडपर्यंत आली. काहीतरी सांगत होती. मी तिच्यावरच ओरडलो. त्यानंतर बोलणं नाही. परवा कळलं, तिच्या गावाकडे कालव्याच्या जुन्या चौकीत नदी-कालव्यांचं छोटं संग्रहालय उघडलंय. तिच्यासाठीच निघालो, खोटं कशाला बोलू?

गिला वडा खाऊन सकाळची अकोला एसटी धरली. अडीच तास, तिकीट दीडशेच्या वर. मूर्तिजापूरला चहा घ्या. अकोल्याहून बार्शीटाकळीपर्यंत शेअर ऑटो, पुढे दुसरा. तो भरल्याशिवाय हलत नाही, पाऊण तास बसलो. डबा सोबत ठेवा, चौकीजवळ टपरीसुद्धा नाही. सोमवारी बंद.

आत दोनच खोल्या. काटेपूर्णा नदीचा हाताने रंगवलेला नकाशा, पाटाची दारं उचलायच्या लोखंडी चाव्या, पाणीपाळीच्या चिठ्ठ्या. दाखवतात वानखडे काका. ते पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं ते पाहायचे. मधोमध सिमेंटचा चिमुकला पाट आहे, लाकडी दारांचा, कडेला ओळीने मातीची वावरं, म्हणजे शेतं. काकांनी त्यात बादली ओतली.

"सोड पानी. साऱ्या वावराईले पुरलं पायजे."

मी वरचं पहिलं दार उघडलं, मग दुसरं. शेवटचं वावर कोरडंच.

"पाट सुरू होते त्या माथ्याकडच्या गावचा दिसतं तू," काका हसले.

"मामाचं गाव हाय तिकडं. तुमाले कसं समजलं?"

"माथ्यावाले सारे असेच! बावा, पाळी टेलापासून, शेवटच्या टोकापासून सुरू होते. त्याचं भिजल्याबिगर वरच्यानं दाराले हात नाही लावाचा."

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे आम्ही याच पाटात पुलावरून उड्या टाकायचो. काठोकाठ, गार पाणी. बाहेर निघालो की मामी ओरडत टॉवेल फेकायची. हे मी कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा प्रणाली म्हणाली, "आमच्याकडे पाट कोरडाच. पाणी सुटलं की आमी चपला हातात घेऊन त्याच्या पुढं पुढं पळाचो." मी हसलो होतो. "फेकू नको, पाट कोरडा असते का कधी?" तिने तो विषयच सोडला.

भिंतीवर तसाच फोटो आहे. कोरडा पाट, पळणारी पोरं, मागे मातकट पाणी. पोरांच्या हातात चपला.

परतीच्या ऑटोची वाट पाहता पाहता कठड्यावर बसून तिला फोन लावला.

"त्या दिवशी स्टँडवर काय सांगत होती तू?"

"आता सुचलं तुले? वर्षानं?"

मग ती बोलत सुटली. दोनदा उत्तर तोंडापर्यंत आलं, गिळलं. मधे ऑटो आला, भरला, गेला.

"सर म्हणे, सोमवारी त्याले घेऊन ये, हजेरीचं पाहू," ती म्हणाली. "तेच सांगून राहिली होती मी. तू ऐकत होता कुठं!"

तिने फोन ठेवला.

घरी आलो. वर्षभर सरांना दिलेल्या शिव्या एकेक आठवल्या. सकाळी तिला मेसेज टाकला: "अजून काही सांगायचं राहिलं असेल तर सांग."

ती लिहिते आहे असं दिसलं. बराच वेळ दिसत राहिलं. चहा निवला, मी हललो नाही.