सिंकखालचं पाणी

वहिनीला काही सांगायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नळदुरुस्तीचं काम ती वडिलांकडून शिकली, लग्नानंतरही सोडलं नाही, आणि नववा महिना लागला तरी हातातला पाना खाली ठेवला नाही. वर हट्ट काय, तर बाळंतपण पाण्यात करायचं. प्रसूतिगृहात त्यासाठी टब होता, सिस्टर अनुभवी होती, सगळ्या तपासण्या ठीक होत्या. पण आमच्या घरात कुणी ऐकेल तर शपथ. "लेकराला बुडवायचंय का?" आई रोज विचारायची. दादा दोघींच्या मधे भरडला जायचा. आणि मी, सख्खी नणंद, आईच्याच बाजूनं होते. खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी ती शेजारच्या काकूंकडे सिंकखालचा जोड बदलत होती. तिला वाकायला त्रास नको म्हणून मी हत्यारं द्यायला सोबत. जोड बसला, फरशी पुसली, आणि पुन्हा पाणी. तिनं जोड आणखी आवळला. पुन्हा पाणी. काकू दारातच उभ्या होत्या. "बायकांची कामं नव्हेत ही. आधीच सांगत होते." वहिनीनं जोडावरून बोट फिरवलं, ते कोरडंच निघालं. मग तिनं खाली स्वतःकडे पाहिलं.

"जोड चांगलाय," ती म्हणाली. "गळतेय मीच."

काकूंनी घर डोक्यावर घेतलं. वहिनी मात्र मला म्हणाली, "तीनला दहा कमी. लिहून ठेव." सिनेमात दाखवतात तसा लोंढा वगैरे काही नव्हता, थोडं थोडं येत होतं, पण आवरू म्हटलं तरी आवरत नव्हतं. पॅड लावून तिनं रंग पाहिला, वास पाहिला आणि सिस्टरला फोन केला. पाणी स्वच्छ, जरासं गुलाबी. बाळ हलतंय. कळा नाहीत. "हिरवट किंवा तपकिरी असतं तर टबाचं नावच काढायचं नव्हतं," सिस्टर म्हणाली. "या तपासायला."

आईला घेऊन प्रसूतिगृहात गेलो. तिथं कळलं की बहुतेकींना दिवसभरात कळा आपोआप सुरू होतात. नाही झाल्या तर औषधानं आणाव्या लागतात आणि मग टब विसरायचा. आईच्या चेहऱ्यावर आशा दिसली. मला तिची लाज वाटली आणि स्वतःचीही, कारण मलाही तेच हवं होतं.

संध्याकाळी कळा आल्या, त्याही आपल्या पायांनी. वहिनी कोमट पाण्यात उतरली. सिस्टरनं आईला समजावलं, "बाळाला श्वास नाळेतून मिळत असतो. बाहेर आलं की आपण लगेच वर उचलतो." मग वहिनीकडे वळून म्हणाली, "माझी एकच अट. मी ऊठ म्हटलं की उठायचं."

"कारण सांगितलंत तर उठेन."

ही उठणार नाही, हे मी मनात शंभर टक्के धरून चालले होते.

दोन तास ती टबाची कड धरून गुरगुरत होती. मधेमधे शिव्या देत होती, मलाही दोन मिळाल्या. सिस्टर दर थोड्या वेळानं पाण्यातच पोटावर यंत्र लावून ठोके ऐकायची. एकदा ऐकून ती थांबली, पुन्हा ऐकलं.

"बाळाचे ठोके मंदावलेत. ऊठ."

तीन महिने घरादाराशी भांडलेली ती बाई माझ्या खांद्यावर हात टाकून तत्काळ उभी राहिली. पाणी निथळत होतं. पलंगावर पोचल्यावर फक्त म्हणाली, "आता सांगा काय करायचं ते." पंधरा मिनिटांत मुलगी झाली आणि तिनं असं भोकाड पसरलं की आई दाराबाहेर रडायलाच लागली.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. काकू बघायला आल्या, बाळ हातात घेतलं आणि म्हणाल्या, "एवढा तमाशा केला, आणि शेवटी पलंगावरच ना?"

वहिनीनं तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

"तुमच्या सिंकखाली परवापासून एक थेंब तरी पडलाय का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग माझ्या सुनेला नावं ठेवू नका. कुठं आवळायचं आणि कुठं सोडायचं, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. द्या इकडे बाळ."