रविवारचा उपास कोणाचा

लेंट सुरू झाला की माझा स्वभाव बिघडतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस ख्रिस्ती माणसानं नम्र व्हायचं असतं. मी मात्र दर शुक्रवारी अकरा वाजल्यापासून भांड्याकुंड्यांवर खेकसते. आमचे हे म्हणतात, "उपास तू धरते अन् शिक्षा मले." जन्मभर शाळेत शिकवलं, उत्तराला मी कोणाला हार जात नाही, पण ह्यावर मी नुसतं आणखी एक भांडं आपटायची.

माझं माहेर अमरावतीचं. वडील शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसत, आणि आम्हा बहिणींनाही जाणत्या झाल्यापासून तीच शिस्त. लग्न होऊन अकोल्याला, जठारपेठेत आले तरी लेंटमधला माझा एक शुक्रवार मोडला नाही. बाळंतपणातले तेवढे सोडा. ह्याचा मला गर्व होता. उपासाचा गर्व करू नका म्हणून चर्चचे पाळकसाहेब दरवर्षी सांगतात, तेही मी मान डोलवून ऐकायची.

पण मनात एक खुटखुट होतीच. माझ्या उपाशी राहण्यानं कोणाचं काय भलं होतं? एका वर्षी चहा सोडला, तर नुसतं डोकं दुखलं. एका वर्षी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या, तर रोज बहिणीला फोन करून काय झालं ते विचारून घेतलं. मागच्या वर्षी मटण सोडलं, तर ह्यांनी बाहेर जाऊन खाल्लं आणि घरी येऊन मला सविस्तर वर्णन ऐकवलं. देवापर्यंत ह्यातलं काय पोचलं असेल, त्यालाच ठाऊक.

आमच्या भिंतीला भिंत लागून माळ्यांचं घर आहे. अकोट रोडला त्यांचा भाजीचा मळा. घरातल्या म्हाताऱ्यांना सगळी गल्ली बाबाजी म्हणते. दिवाळीनंतर त्यांची बायको गेली. मुलगा आणि सून पहाटे मळ्यात जातात, तिथून भाजी घेऊन बाजारात, ते दुपार उलटल्यावर येतात. सून सासऱ्याचं ताट झाकून ठेवून जायची. तरी बाबाजी वाळत चालले होते. सदरा खांद्यावरून घसरायला लागला होता.

"मामाजीनं उपास लय वाढवले, बाई," सून सासऱ्याबद्दल मला म्हणाली. "आत्याबाई गेल्यापासून देवाकडंच लागले. मी आपली साबुदाण्याची उसळ करून ठेवतो."

मीही मान डोलवली. आपल्याकडे हे असंच आहे. माणूस आजारी आहे म्हटलं तर दहा घरचे डबे येतात. उपास आहे म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, उलट त्याला मान देतात.

मग लेंटचा तिसरा शुक्रवार आला. दुपारचा एक वाजला होता, पोटात कावळे ओरडत होते आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उगाच उभी होते. बाबाजी ओट्यावर ताट घेऊन आले. ताटात साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचं कूट लावलेली. माझं सगळं लक्ष त्या ताटात, खोटं कशाला सांगू. पोट भरलेलं असतं तर मी तिकडे पाहिलंही नसतं. बाबाजींनी इकडेतिकडे बघितलं, गल्लीतल्या गाईला हाक मारली आणि ताट तिच्यापुढे रिकामं केलं. नंतर रिकामं ताट नळाखाली स्वच्छ धुतलं.

मला असा राग आला! पदर खोचून मी सरळ त्यांच्या ओट्यावर गेले.

"बाबाजी, आज कायचा उपास आहे?"

"शुक्रवार हाय न. देवीचा."

"आणि काल?"

"गुरुवार. दत्ताचा."

"बुधवारी?"

"इठोबाचा."

मंगळवार गणपतीचा, सोमवार महादेवाचा, शनिवार मारुतीचा. वर्गात पाढे म्हणावेत तसं त्यांनी धडाधड सांगितलं. मीही हाडाची मास्तरीण.

"आणि रविवारी?"

बाबाजी अडकले. खंडोबा म्हणाले असते तर मीच तोंडघशी पडले असते, पण घाईत त्यांना सुचलं नाही.

"इतवारी... इतवारी तुमच्या येशूचा."

"आमच्यात रविवारी उपास नसतो, बाबाजी. लेंटमध्येसुद्धा नसतो."

त्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"काहून डोकं खाऊन राहिल्या, बाई? घास उतरत नाई मले. जलमभर पोराची माय समोर बसे. आता एकट्यानं ताटावर बसलं का समोरची जागाच दिसते. पोराले सांगितलं तं थो मळा सोडून घरी बसन. म्हनून उपास म्हनतो. कोनी काई इचारत नाई."

मी तशीच मागे फिरले. घरी आले, ह्यांच्यासाठी केलेलं बेसन आणि ज्वारीची भाकर ताटात वाढून घेतली, वर कांदा ठेवला आणि परत गेले. बाबाजींनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"तुमाले उपास हाय न आज? उपासी माणूस समोर बसला असतानी मी कसा जेवू? तुमी जेवान तं मी जेवीन."

ही अडवणूक त्यांनी मुद्दाम केली होती. बाई काही उपास मोडणार नाही, हे गल्लीतल्या लहान मुलालाही ठाऊक. मला वडील आठवले. इतक्या वर्षांचा एकेक शुक्रवार डोळ्यांपुढे आला. मनात म्हटलं, देवा, रागवायचं तर रागव. आणि भाकरीचा तुकडा मोडून बेसनाला लावला.

बाबाजी बघतच राहिले. मी दुसरा घास घेतला. मग त्यांनी हात धुतला. घास बराच वेळ तोंडात घोळवला, पण गिळला. अर्धी भाकर खाल्ली त्यांनी. बेसनात मीठ कमी पडलं म्हणून नाव ठेवलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "मोडला उपास." हे म्हणाले, "चांगलं झालं. पण माझं बेसन कुठं हाय?"

त्या दिवसापासून दुपारी एक वाजता मी ताट घेऊन बाबाजींच्या ओट्यावर. शुक्रवारीसुद्धा. सुनेला मी काही सांगितलं नाही, तिनं आपणच ओळखलं आणि उसळ बंद करून दोघांची भाजी ठेवायला लागली. चर्चमध्ये कुजबुज झाली. पाळकसाहेबांना मी स्वतःच सगळं सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "जेवत जा, बाई." त्या लेंटमध्ये मी घरात एकदाही खेकसले नाही, हे ह्यांचं प्रमाणपत्र आहे.

काळजी होती ती गुड फ्रायडेची. बारा ते तीन चर्चमध्ये उपासना. त्या दिवशी उपासना संपेपर्यंत पाण्याचा थेंबही न घेण्याची माझी रीत. ती मोडायला मन धजेना, आणि बाबाजी उपाशी राहतील ह्या विचारानं प्रार्थनेत चित्त लागेना. तीन वाजता भर उन्हात जवळजवळ धावतच गल्लीत शिरले.

ओट्यावर दोन उष्टी ताटं होती. सून बाजार लवकर आटोपून आली होती, भांडी उचलत होती. "मामाजीनंच रात्री सांगितलं," ती म्हणाली, "उद्या बाईले जमनार नाई, तू येजो म्हने जेवाले. दोन भाकरी खाल्ल्या त्यायनं."

बाबाजी सुपारी कातरत बसले होते. माझ्या सुकलेल्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुमच्या देवाले सांगजा, म्या जेवलो म्हनून."

सांगते म्हटलं, आणि घरात जाऊन पाणी प्यायच्या आधी तेच सांगितलं.