उल्हासरावांचं पाणी

जर्मनीत नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात उल्हास पेठे यांचं काम म्हणजे दोष काढणं. रंगून आलेल्या गाडीवर कुठे थेंब ओघळलाय, कुठे कण बसलाय, ते दिव्याच्या उजेडात शोधायचं आणि मऊ फडक्याने गोल गोल घासून नाहीसं करायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणूस घरी तरी सुधारणार कसा? बायकोने, विभावरीने, वाढलेल्या ताटाची कडही ते आधी पुसून घेत.

असा माणूस चित्रकलेच्या वाटेला गेला, आणि तेही इम्प्रेशनिस्टांच्या! नेकार नदीच्या काठी दर शनिवारी सहा-सात मंडळी गवती टोप्या घालून एका ओळीत उभी राहत आणि तेच झाड, तीच होडी, तेच पाणी रंगवत. क्षणात पळणारा उजेड पकडायचा, हे त्यांच्या चित्रकार मंडळाचं ब्रीद. मात्र दहाच्या आधी तो पकडायला मनाई होती, कारण मंडळाच्या नियमावलीत दहाची वेळ होती. ती सूर्यानेही पाळावी, अशी अध्यक्षबाई फ्राऊ लिंडेमान यांची अपेक्षा असे.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात आपलं एक तरी चित्र लागावं, एवढीच उल्हासरावांची इच्छा. पुण्यातल्या थोरल्या भावाला, हृषिकेशदादांना, ते लागणारच म्हणून त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! दादा दर फोनवर विचारत, "लागलं का रे?" लागत नव्हतं. फ्राऊ लिंडेमान दरवर्षी तेच सांगत, "हेर्र पेठे, तुमचं पाणी गाडीच्या बॉनेटसारखं दिसतं. पाणी हललं पाहिजे!" यंदाही चित्र परत आलं, तेव्हा उल्हासराव दोन दिवस जेवले नाहीत धड.

तरी चित्रं टांगायला मंडळाने बोलावलं त्यांनाच. कारखान्यातला माणूस, खिळा वाकडा जायचा नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ते हॉलमध्ये एकटेच होते. फ्राऊंचं चित्र टांगून ते मागे सरले आणि सवयीने दोष शोधू लागले. पाण्यावर ओल्या रंगाचे गुठळेच गुठळे! उद्या गावच्या महापौर येणार, बाईंची काय शोभा होईल? मनात काडीचंही पाप नव्हतं. पण खिशातलं फडकं कधी बाहेर आलं आणि हात कधी गोल गोल फिरू लागला, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. भानावर आले तेव्हा नदी लख्ख गुळगुळीत झाली होती.

"अहो, काय करून बसलात हे!" घरी सगळं ऐकून विभावरीने कपाळाला हात लावला. "उद्या आधी त्यांची माफी मागा."

दुसऱ्या दिवशी माफीची जर्मन वाक्यं घोकत उल्हासराव विभावरीसोबत हॉलमध्ये शिरले, तर त्याच चित्रापुढे ही गर्दी. महापौरबाई म्हणत होत्या, "काय शांत पाणी आहे! पाहतच राहावं." फ्राऊ लिंडेमान यांनी चित्राकडे पाहिलं, मग महापौरांकडे पाहिलं.

"जा, गेनाऊ! हो, अगदी बरोबर!" त्या म्हणाल्या. "ही शांतता साधायला माझं आयुष्य गेलं." तेवढ्यात त्यांना उल्हासराव दिसले. "आल्झो, हेर्र पेठे, नीट बघून घ्या. पाणी असं असतं. बॉनेट नव्हे!"

विभावरीने उल्हासरावांना कोपराने ढोसलं.

"अहो, बोला की! तुमचं पाणी आहे ते."

"असू दे गं. भिंतीवर लागलं ना शेवटी!" असं म्हणाले खरे, पण डोळे भरून आले होते. आनंद झाला होता आणि भयंकर रागही आला होता. त्यांनी मोबाइल काढला, झाड वगळलं, होडी वगळली, नुसत्या पाण्याचा फोटो घेतला आणि पुण्याला पाठवला. खाली लिहिलं, 'दादा, एवढं मी केलंय.'

दादांचं उत्तर लगेच आलं. 'वा! नवी गाडी घेतलीस? पेढे कुठायत?'